पागाशास्त्रप्रवेश

मराठी इतिहासातला घोडा कायम धावत असतो. पुतळ्यात त्याचे पुढचे पाय उचललेले, चित्रात नाकपुड्या फुललेल्या, आणि बखरीत तो एका रात्रीत इतके कोस तोडतो की वाचणाऱ्याच्याच मांड्या भरून याव्यात. प्रत्यक्षात घोडा दिवसाचा बहुतेक वेळ उभा असतो. डुलकीसुद्धा उभ्याउभ्याच काढतो. पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची सोय निसर्गाने त्याला दिली आहे, गाढ झोपेसाठी तेवढा तो थोडा वेळ आडवा होतो. या बाबतीत आपल्या म्हणी इतिहासकारांपेक्षा प्रामाणिक म्हणायच्या. म्हणींतला घोडा अडतो, पेंड खातो, वरातीमागून येतो, फारच झाले तर गंगेत न्हातो. भरधाव सुटलेला घोडा तिथे सहसा भेटत नाही.

प्रस्तुत प्रबंध या उभ्या घोड्याविषयी आणि त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांविषयी आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, संबंध, प्रयोजन आणि अधिकारी सांगावेत असा दंडक आहे, तो पाळतो. विषय : पुण्याच्या पश्चिमेला, शेती संपून फार्महाऊस सुरू होतात त्या पट्ट्यातली एक पागा. तिथे शहरातल्या काही लोकांचे घोडे महिन्याच्या पैशांवर राहतात, आणि ज्यांच्याकडे घोडे नाहीत ते तासाच्या पैशांवर बसायला शिकतात. संबंध : लेखकाची रविवार सकाळ. प्रयोजन : शोधून कळवू. अधिकारी : चार हातांवर लीद पडत असताना ज्याला चहा निवांत पिता येतो तो.

पूर्वसूरींना वंदन करणे प्राप्त आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी मितान्नी देशाच्या किक्कुली नावाच्या माणसाने रथाचे घोडे कसे तयार करावेत यावर मातीच्या विटांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात पराक्रम जवळपास नाही. आज किती फिरवावे, मग धुवावे, झूल घालावी, चारा किती, पाणी कधी, असे दिवसामागून दिवस चालते. पागाशास्त्राचा आद्यग्रंथ असाच असायला हवा. आपल्याकडे शालिहोत्राचे नाव घोड्यांच्या वैद्यकाशी कायमचे जोडले गेले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचा विनोद राजांच्या करमणुकींत घातला. आणि नकुल तर अज्ञातवासात विराटाच्या पागेवरच ग्रंथिक हे नाव घेऊन राहिला. त्याला वर्षभर कोणी कसे ओळखले नाही याची भाष्यकारांना उगाच चिंता. तबेल्यात येणारा माणूस घोड्याकडे बघतो, मोतद्दाराकडे बघत नाही. लपायला याहून सुरक्षित जागा विराटनगरात नव्हती.

बारगीर-शिलेदार भेद

शिवकाळात घोडदळाचे दोन वर्ग होते हे शाळेच्या पुस्तकातही असते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. कृष्णाजी अनंत सभासदाने पागेची उतरंड नोंदवून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. ही व्यवस्था इंग्रजांनी मोडली असा समज आहे. आमचा सिद्धांत असा की ती मोडली नाही, ती फक्त रविवारी सकाळी साडेसहाला भरू लागली.

पागेच्या फाटकातून आत येणारी माणसे पाहिली की वर्ग लगेच कळतो. बारगीर भाड्याच्या टोपीत येतो. टोपी पागेची, तिच्या आत आधीच्या तासाच्या बारगिराचा घाम. तो आल्याआल्या फळ्याकडे जातो, कारण आज कोणता घोडा नशिबी आला ते फळ्यावर लिहिलेले असते. ‘बिजली’ लिहिले असेल तर हुश्श करतो, कारण बिजली नावाची घोडी चालवायलाही विनंत्या कराव्या लागतात. ‘तुफान’ लिहिले असेल तर त्याला अचानक ऑफिसचे काम आठवते. शिलेदार फळ्याकडे पाहतही नाही. तो सरळ आपल्या ठाणाकडे जातो, दाराशी थांबतो, आणि घोड्याच्या तोंडाकडे न पाहता खाली पाहतो.

तो लीद पाहत असतो. इथे हसण्यासारखे काही नाही. घोड्याला ओकता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच जायला हवे, आणि ते कुठे अडले तर पोटशूळ उठतो. त्यात घोडा दगावूही शकतो. म्हणून लीद वेळेवर पडली का, ओली की सुकी, गोळे नीट आहेत का, हे पाहणे शिलेदाराचे नित्यकर्म. आमच्या पागेच्या शिलेदारांचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यात सकाळी सातला एखाद्या घोड्याच्या लिदीचे छायाचित्र येते आणि खाली उंचावलेल्या अंगठ्यांची रांग लागते. बाळाच्या पहिल्या दाताचे एवढे कौतुक होत नाही.

आता मुख्य मुद्दा. महाराजांच्या व्यवस्थेत पागा वरचढ होती आणि शिलेदार पागेच्या आधीन होते. अभ्यासक याची कारणे देतात. शिलेदाराचा घोडा हेच त्याचे भांडवल, ते रणात मेले तर माणूस पोटाला मुकला, म्हणून तो घोडा जपून लढे. बारगिराला ती चिंता नव्हती. हे कारण बरोबर आहे की नाही ते पाहायला कागदपत्रे चाळण्याची गरज नाही, रविवारी मैदानाच्या कडेला उभे राहावे. आमच्याकडे एक शिलेदार बाई आहेत. त्यांचा घोडा महालक्ष्मीच्या शर्यतींतून निवृत्त झालेला थरोब्रेड, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. आपल्याकडच्या बऱ्याच पागांना घोडे असे रेसकोर्सवरूनच मिळतात. तारुण्यात ज्याने ताशी साठ किलोमीटरच्या घरात वेग पाहिला, त्याला पन्नाशीतल्या माणसाला पाठीवर घेऊन गोल फिरायला शिकवणे हे एक मोठे पुनर्वसनाचे काम आहे. बाई त्याला अर्धा तास खरारा करतात, आयाळ विंचरतात, खुरातली माती आकड्याने काढतात, आणि शिकवणारे साहेब म्हणाले, “चला, आता कँटर करून बघू,” की म्हणतात, “आज त्याचा मूड दिसत नाही.” घोडा त्या वेळी कान टवकारून उभा असतो. मूड कोणाचा नाही ते त्यालाही कळते.

उलट बारगिराला दर रविवारी नवे जनावर. एक डावीकडे ओढते, दुसऱ्याला टाच लावली की ते थांबते, तिसरे फाटकाच्या दिशेला तोंड झाले की आपोआप वेग घेते. त्यामुळे बारगीर थोडा का होईना, घोड्यावर बसायला शिकतो. शिलेदार एक घोडा शिकतो. घोडा घेण्याच्या विचारात असलेल्या कोणी सल्ला मागितला तर पागेतले जुने लोक फक्त ‘घरचे झाले थोडे’ एवढेच म्हणतात. म्हणीचा उत्तरार्ध ऐकवायची वेळ येऊ नये ही त्यांची सदिच्छा.

या संदर्भात छावणीचा उल्लेख टाळून चालणार नाही. पावसाळ्यात फौज मुलखात परत येई, घोडी छावणीत बांधली जात, त्यांच्यासाठी दाणा, गवत, औषधे आधी साठवून ठेवलेली असत. दसऱ्याला फौज बाहेर पडे. चिपळूणजवळच्या अशाच एका छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाला हात न लावण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. पागाशास्त्राच्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग अधिक थोर. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमचे, गंजीजवळ आगट्या करू नका, तंबाखू ओढू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवत पेटेल, असा त्याचा आशय आहे. आग्र्याहून सुटलेला राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो आहे! आमच्या पागेच्या सूचनाफलकावर साडेतीन शतकांनंतर बरोबर याच तीन गोष्टी आहेत : वैरण मोजून घ्या, गवताजवळ सिगारेट ओढू नका, उंदरांचे पाहा. महाराजांच्या पत्राचे मराठी जास्त चांगले आहे.

तंगप्रकरण

घोड्यावर डावीकडून चढतात. तलवार डाव्या कमरेला लटके, उजवीकडून पाय टाकला तर ती मध्ये येई, अशी त्याची उपपत्ती सांगतात. तलवार गेली, बाजू राहिली. सध्या डाव्या खिशात मोबाइल असतो, तोही मध्ये येतोच.

चढण्याआधी तंग आवळायचा असतो. तंग म्हणजे खोगीर जागेवर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा. प्रवेशिका वर्गातला सगळा नाट्यभाग इथे घडतो. नवशिका पट्टा वर ओढतो, बक्कल लावतो, दोन बोटे आत घालून पाहतो, समाधान पावतो. घोडा या सगळ्या वेळात पोट फुगवून उभा असतो. मामा (आमच्याकडचे मोतद्दार, बारामतीकडचे, तीन पिढ्या घोड्यांत) लांबून हे पाहत असतात.

“जरा थांबा सायेब. त्यानं श्वास धरलाय.”

“कोणी?”

“दोघांनी बी.”

मग मामा येतात, घोड्याच्या मानेवर थाप मारतात, त्याला चार पावले चालवतात. घोडा श्वास सोडतो. मघाचा घट्ट तंग एकदम सैल झालेला असतो, आणि मामा तो आणखी दोन भोके वर नेतात. हे मामांना माहीत नसते तर नवशिका चढता चढताच खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली गेला असता. चढल्यावर पुन्हा एकदा पाहायचे. मैदानाला एक फेरी झाल्यावर पुन्हा. शास्त्रकारांनी तंग तीनदा तपासावा असे सांगितले आहे, आणि जे दोनदाच तपासतात त्यांची माहिती पतनप्रकरणात येईल.

चढण्यासाठी पायरी वापरावी की नाही यावर पागेत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पायरी ही म्हाताऱ्यांची सोय. दुसरा म्हणतो, जमिनीवरून रिकिबीत पाय घालून लोंबकळल्याने घोड्याच्या पाठीला आणि खोगिराला एका बाजूने पीळ पडतो, म्हणून पायरी हीच घोड्यावर दया. दुसरा पंथ शास्त्रशुद्ध आहे. पहिल्या पंथाची वजनेही बहुतेक दुसऱ्या पंथापेक्षा जास्त आहेत. वादात ओढायचेच असेल तर झेनोफोन आपल्या बाजूला आहे. त्या ग्रीक सेनानीने चौथ्या ख्रिस्तपूर्व शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या देशात रिकीबच नव्हती. त्यानेही मोतद्दाराला स्वाराला उचलून वर बसवायची पद्धत यायला हवी असे बजावले आहे. सबब मामांनी गुडघ्याखाली हात देऊन ढकलणे हा अपमान नसून अभिजात परंपरा होय.

कणीसप्रकरण

शिकवणारे साहेब घोडदळातून निवृत्त झालेले आहेत. त्यांची मराठी चांगली आहे पण आज्ञा सगळ्या हिंदीत सुटतात. “एडी नीचे! नजर उपर! हाथ छोडो!” पहिल्या दोन आज्ञा पाळता येतात. तिसरी पाळायला माणूस तयार होत नाही. लगाम हे घोड्याला सांगण्याचे साधन आहे हे पुस्तकात वाचलेले असते, पण शरीर त्याला लोकलमधली दांडी समजते.

यावर उपाय म्हणजे लंज. घोडा लांब दोरीवर साहेबांभोवती गोल फिरतो, स्वाराकडे लगाम नसतो, पुढे रिकीबही काढून घेतात. हात आडवे, हात डोक्यामागे, वाकून घोड्याच्या कानाला लावा, मागे वळून त्याच्या शेपटीकडे पाहा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिष्यांना असे महिनोन्महिने दोरीवर फिरवतात. आपल्याकडे तिसऱ्या रविवारी “कँटर कधी?” असा प्रश्न येतो.

येथे पहिल्या बाजीरावाच्या चित्राची आख्यायिका तपासून घेऊ. पेशवा दिसतो कसा हे कळावे म्हणून प्रतिपक्षाने चित्रकार पाठवला. त्याने काढून आणलेल्या चित्रात बाजीराव घोड्यावर आहे, भाला खांद्यावर टेकलेला, लगाम घोड्याच्या मानेवर सैल, आणि स्वारी दोन्ही हातांनी कणसे चोळून दाणे खात चालली आहे. ते पाहून दरबाराला धडकी भरली म्हणतात. इतिहासाच्या शिक्षकांनी यातून साधेपणाचा धडा काढला. साध्या जेवणाला कोणता दरबार भितो? त्या दरबारात घोडे जाणणारे लोक होते आणि त्यांनी चित्रातली नेमकी गोष्ट पाहिली. लगाम मोकळा, दोन्ही हात कामात, भाला खांद्यावरून घसरत नाही, आणि माणूस तोल जाईल या विचारात नसून दाण्यांच्या विचारात आहे. म्हणजे त्याची मांड हातांवर अवलंबून नाही. ज्या सैन्यातला सेनापती असा बसतो ते सैन्य रात्रभर चालेल आणि सकाळी लढेल, हे त्यांना कळले असणार. चित्र खरे काढले गेले होते की नाही, हा प्रश्न इतिहासकार मंडळींचा. अशी आख्यायिका रचायलासुद्धा घोड्यावर बसून खाल्लेला माणूस लागतो.

परीक्षेत ‘स्वतंत्र मांड’ तपासायला आम्ही हुरड्याचे कणीस सुचवले आहे. साहेब विचारात आहेत. अडचण घोड्याची आहे, त्यालाही हुरडा आवडतो.

अक्षरप्रकरण

मैदानाच्या कडेने पांढऱ्या पाट्यांवर अक्षरे लावलेली असतात. वीस बाय चाळीस मीटरच्या चौकात ती क्रमाने अशी : ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हा क्रम असा का, याचे खात्रीचे उत्तर जगात कोणाकडे नाही. जर्मन राजवाड्यातल्या पागेच्या भिंतीवर कोणाचा घोडा कुठे उभा राहील ते दाखवणारी अक्षरे होती, तिथून ती आली असावीत, असे एक मत आहे. इंग्रजांनी ती पाठ करायला राजा एडवर्डच्या घोड्यांवर एक वाक्य बनवले. मराठी माणसाला वाक्याची गरज पडत नाही, कारण मधोमध सीएम येतात. त्यांच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय एवढेच लक्षात ठेवायचे.

या अक्षरांना तुच्छ लेखू नये. “के वरून एम कडे तिरके जा” ही आज्ञा पाळताना कळते की आपण आयुष्यात सरळ रेषेत कधी चाललेलोच नाही. घोडा तर नाहीच. ड्रेसाज नावाचा सगळा खेळ या अक्षरांच्या मध्ये घडतो, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत भारताच्या चौघांनी त्यात सांघिक सुवर्ण मिळवले. मुंबईचा हृदय छेडा त्या चौघांत होता. १९८२ नंतर घोडेस्वारीतले ते भारताचे पहिले आशियाई सुवर्ण. त्या आठवड्यात आमच्या पागेत सगळे बारगीर पोटे आत घेऊन बसत होते. नंतर पूर्ववत झाले.

दुडकीबद्दल एकच सांगतो. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात, पुढचा डावा मागच्या उजव्याबरोबर. स्वाराने या ठेक्यावर उठायचे-बसायचे असते, आणि गोल फिरताना बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचे. घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात की नाही याचा वाद इतका पेटला होता की १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून तो मिटवला. असतात. बारगिरांना हे कॅमेऱ्याशिवायही कळले असते, त्यांना पाठीचा कणा आहे.

डबकेप्रकरण

जून ते सप्टेंबर मैदानात डबके असते. वर्षानुवर्षे बी या अक्षराजवळच. खोली नाल बुडण्याइतकी. घोडा त्याच्यापाशी येतो आणि थांबतो, किंवा त्याला असा वळसा घालतो की स्वाराचा गुडघा कुंपणाला घासतो. या घटनेचे दोन खुलासे प्रचलित आहेत.

पहिला नेत्रशास्त्राचा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे वर्तुळ दिसते, पण कपाळासमोरचा आणि नाकाखालचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून गाजर सपाट तळव्यावर धरायचे. ओठांशी आलेली वस्तू तो पाहत नाही, मिशांनी आणि वासाने चाचपतो, आणि बोट व गाजर यांत त्याला तत्त्वतः फरक वाटत नाही. दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा पट्टा अरुंद, म्हणून चकाकणाऱ्या पाण्याचा तळ किती खाली आहे याचा अंदाज घ्यायला त्याला मान खाली-वर करावी लागते. नेमकी तेव्हाच आपण लगाम आखडून त्याची मान वर ओढतो.

दुसरा खुलासा राष्ट्रीय आहे. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत आणि ती पाणी पीत नसत. तिसरी-चौथीत ऐकलेली ही गोष्ट नेत्रशास्त्राच्या विरोधात जाते, कारण घोड्याने संताजीला ओळखायला आधी त्याला कोणी दाखवलेले असावे लागेल. पण आख्यायिका टाकून देऊ नये, तिचा अन्वय नीट लावावा. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. तो बेरजा-वजाबाक्या करी, उत्तराइतक्या वेळा खूर आपटी. मोठी समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट याने दाखवले की हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात जो नकळत ताण सुटतो तो त्याला दिसे, आणि तो थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की हान्सही नापास.

जो घोडा जमिनीवर उभ्या माणसाची भुवई वाचतो, त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाचे काय लपणार? आम्ही डबक्यापाशी उभे राहून निरीक्षण केले. डबके चार ढांगांवर आले की घोडा अजून निवांत असतो. स्वार मात्र डबके पाहतो, श्वास रोखतो, मांड्या आवळतो, टाच वर घेतो. घोडा विचार करतो की वरच्याला पुढे काहीतरी दिसले आहे. मग तोही बघू लागतो, आणि बघू लागले की पाण्यात काय हवे ते दिसते. मोगल स्वाराला रात्री झोप नव्हती, रसद तुटलेली, छावणीत रोज नवी अफवा. तो घोड्याला ओढ्यावर नेई तेव्हा आधी इकडेतिकडे पाही. संताजी पाण्यात नव्हता, तो स्वाराच्या मांड्यांत होता, आणि घोड्याने तो अचूक ओळखला.

पूर्वपक्षी विचारतील, मग त्याच डबक्यातून मामा बिजलीला एका हाताने, बिडी शिलगावत, कसे नेतात? मामांना आम्ही विचारले. ते म्हणाले, “डबकं? कुठाय डबकं?”

पतनप्रकरण

घोड्यावरून पडणे हा विषय विस्ताराने लिहिण्याजोगा नाही. तो लवकर संपतो. पडणाऱ्याने पुढच्या रविवारी पागेत पेढे वाटावेत अशी आमच्याकडे रीत आहे. मामांच्या मते पावसाळ्यात जास्त पेढे मिळतात. हेल्मेट वापरावेच, त्यात पंथ नाहीत. पूर्वीच्या स्वारांच्या डोक्यावरच्या फेट्यापागोट्यांत किती हात कापड जाई ते पाहिले की तो शोभेचा भाग होता हे म्हणणे अवघड जाते. पडल्यावर लगाम धरून ठेवावा की सोडावा, याविषयी : सोडावा. घोडा कुठेही जात नाही, थेट चंदीच्या डब्याशी जाऊन उभा राहतो, आणि तिथवर चालत जाण्यात पडणाऱ्याची शरम बरीचशी जिरते.

देयकप्रकरण

अलीकडे या शास्त्रात एक नवा पेच उभा राहिला आहे. वर उल्लेखिलेल्या शिलेदार बाईंची बदली बंगळूरला झाली. घोडा विकवत नाही, नेववत नाही, महिन्याचे पैसे तर चालूच. तेव्हा त्यांनी आमच्यापैकी एका बारगिराला घोडा ‘अर्धा’ दिला आहे. मंगळवार, गुरुवार आणि रविवार त्याचे, निम्मा खर्च त्याचा. पागेत याला हाफ लीज म्हणतात. सभासदाच्या उतरंडीत असा माणूस बसत नाही. सरकारी घोड्यावर बसत नाही म्हणून तो बारगीर नव्हे, घोडा त्याचा नाही म्हणून शिलेदार नव्हे. फळ्यावर त्याचे नाव लिहायचे की नाही, यावरून पहिल्याच आठवड्यात बोलाचाली झाली. लिदीच्या गटात त्याला घेतले आहे, पण अंगठा द्यायला तो अजून बिचकतो.

नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतो, स्कूटरवर, मागे ऐरणीचा ठोकळा बांधून. या खेपेला त्याने खूर तासून चारही नाल नवे मारले. बाईंचे फोनवर म्हणणे पडले की पुढचे नाल गेल्या महिन्यात चांगले होते, ते झिजले मंगळवार-गुरुवारच्या दुडकीने, सबब पुढच्या दोन नालांचे पैसे अर्ध्या धन्याने पूर्ण द्यावेत. अर्ध्या धन्याचे म्हणणे, दुडकीत पाय तिरपे पडतात, झीज झालीच असेल तर एक पुढचा आणि एक मागचा अशीच व्हायला हवी, आणि तसे त्याने दुडकीची आकृती काढून गटावर टाकले. साहेबांनी मत द्यायचे नाकारले. मामा म्हणाले, घोड्याला विचारा. नालबंदाला पुढे दुसऱ्या पागेत जायचे होते. तो स्कूटर चालू ठेवून फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, चार नालांचे मिळून द्या, वाटणी तुमची तुम्ही मागून करा.